सभागृहच ठरवील

माझ्या छातीवर कुठला बिल्ला लावायचा, यावर दोन बायकांचं एकमत होईना.

“‘पीडित’ नको गं, कसंतरीच वाटतं,” खादीची साडी नेसलेली म्हणाली. “गेल्या वर्षी त्या धरणग्रस्त आजी केवढ्या रुसल्या होत्या!”

“मग ‘संघर्षनायिका’ लाव.”

“ते संपले. सकाळच्या सत्रातच वाटून टाकले.”

डबा उलटापालटा करून झाला. शेवटी तळाशी ‘भोजन व्यवस्था’ असा एक निघाला, तो त्यांनी माझ्या पदराला टोचला. “स्टेजवर जाताना काढा हं ताई,” असंही सांगितलं. आत शिरल्या शिरल्या दोन गृहस्थांनी मला चहा कुठे आहे म्हणून विचारलं आणि एकाने चटणी संपल्याची तक्रार केली.

माझी मुलगी प्रणिता अजून दारातच उभी होती. तिथे छताला टेकेल असा फ्लेक्स लावला होता. वर लिहिलेलं, ‘सहवेदना चित्रमंडळ, नाशिक. मानवी हक्क चित्रपट महोत्सव.’ आणि खाली, माणसाच्या उंचीपेक्षा मोठा, प्रणिताचाच चेहरा. दहा वर्षांची असतानाचा. केस विस्कटलेले, गालावर ओघळ. आता ती सोळाची होती. तिने ओढणी नाकापर्यंत ओढून घेतली आणि माझ्या पाठीमागे येऊन उभी राहिली.

“आई, परत जाऊ या.”

“बोलून जाऊ,” मी म्हणाले. “एवढ्या लांबून एसटीत हाडं खिळखिळी करून घेतली ती त्यासाठीच ना?”

आम्ही कोण ते आधी सांगते. मी सुगंधा बैकर, अंगणवाडी सेविका. गाव खारशेत, म्हसळ्याच्या बाजूला. माझे यजमान दिनकर मुंबईला एका शेठजींच्या गाडीवर ड्रायव्हर. एका वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक लागली, बाईसाठी जागा राखीव निघाली आणि गावकीने, म्हणजे गावातल्या कर्त्या पुरुषांच्या बैठकीने, एका पुढाऱ्याच्या सुनेचं नाव बिनविरोध ठरवून टाकलं. मी म्हटलं, मीही भरते अर्ज. भरला. पडले, चांगली सणसणीत पडले. पण तेवढ्याने गावकीचं समाधान झालं नाही. तिने आम्हाला वाळीत टाकलं. आमच्याशी जो बोलेल त्याला दंड. गिरणीवाला दळण घेईना, दुकानदार काडेपेटी देईना, अंगणवाडीत एक पोर फिरकेना. मी रोज सरकारी खिचडी शिजवायचे आणि रिकाम्या ताटल्यांसमोर बसून राहायचे. पर्यवेक्षिकाबाईंनी एकदा विचारलं, मुलं कुठायत? मी म्हटलं, तीही बिनविरोध गेली.

यात काही वर्षं निघाली. तक्रारी, पोलीस स्टेशन, कोर्ट, पेपरातल्या बातम्या. शेवटी गावकीने सगळ्यांसमोर माफी मागितली आणि आम्ही पुन्हा माणसांत आलो.

त्या मधल्या दिवसांत आमच्याकडे आशुतोष खांबेटे आला. फिल्म काढणारा, नाशिकचा, दाढीवाला, पाठीवर कॅमेऱ्याची पिशवी. आमच्या पडवीत मुक्काम टाकून राहिला. अख्ख्या गावात आमच्याशी बोलणारं तेवढं एकच माणूस, त्यामुळे तो आम्हाला देवासारखा वाटला, हे खोटं कशाला सांगू? मला ‘वहिनी’ म्हणायचा. कोलंबीचं कालवण मागून मागून खायचा. प्रणिता तर दिवसभर त्याच्या मागे. आशुदादा हे काय, आशुदादा ते काय.

फिल्म झाली, परदेशात गेली, तिला बक्षिसं मिळाली. आम्ही ती पहिल्यांदा पाहिली पनवेलला, कुठल्याशा संस्थेच्या हॉलमध्ये, आणि त्यातला तो तुकडाही तिथेच पहिल्यांदा पाहिला. परसात प्रणिता सागरगोटे खेळतेय. डाव दोघींचा, खेळणारी एकटी. श्रुती म्हणून शेजारच्या घरातली तिची मैत्रीण होती, तिला आमच्या अंगणाकडे बघायचीही बंदी होती. म्हणून ही स्वतःचा डाव झाला की उठायची, समोर जाऊन बसायची आणि श्रुतीच्या आवाजात बोलत श्रुतीचा डाव खेळायची. मग दोघींचं भांडण होतं. आणि मग ही त्या रिकाम्या जागेकडे बघत रडत म्हणते, “श्रुती, तू बोल ना गं माझ्याशी. मी परत नाही चिडणार.”

हे सगळं आशुतोषने पडवीच्या खिडकीतून टिपलं होतं. पोरीला पत्ता नव्हता आणि मलाही नव्हता. हॉलमधली झाडून सगळी माणसं रडली. प्रणिता नाही रडली. तिने मला हळूच विचारलं, “हे त्याने कधी काढलं?”

तेव्हा ते निभावून गेलं. पण ती अकरावीला तालुक्याच्या कॉलेजात गेली आणि कुणा पोराने तो तुकडा मोबाइलवर शोधून काढला. मग काय! ही वर्गात शिरली की मागून बारीक आवाज, “बोल ना गं माझ्याशी.” हिच्या बाकावर खडे मांडून ठेवलेले. फळ्यावर लिहिलेलं, ‘श्रुती आज गैरहजर.’ दिवाळीची सुट्टी संपली तरी ही कॉलेजला जाईना. पोट दुखतं, डोकं दुखतं. रोज नवीन दुखणं.

मी आशुतोषला फोनावर फोन केले. म्हटलं, बाबा, तेवढा तुकडा काढून टाक. तो दर वेळी म्हणायचा, “बघतो वहिनी.” मग एक दिवस त्याचाच फोन आला. नाशिकला महोत्सव आहे, समारोपाला आपली फिल्म आहे, तुमचा सत्कार आहे, या, समोरासमोर बोलू.

म्हणून आम्ही आलो होतो.

मंडळाच्या अध्यक्षा विभाताई कर्णिक आम्हाला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. निवृत्त प्राचार्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गळ्यात मातीच्या मण्यांची माळ आणि आवाज सायीसारखा. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले ते सोडलेच नाहीत.

“सुगंधाताई, तुमचे हात बोलतात हो!”

मग माझ्या साडीकडे त्यांची नजर गेली आणि चेहरा जरा उतरला. “तुम्ही फिल्ममध्ये ते गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं नेसता ना?”

“ते भातलावणीला. चिखलात.”

“हो का? नाही, लोकांना ओळखायला सोपं गेलं असतं.”

“लोकांनी आम्हाला ओळखू नये, म्हणूनच आलेय,” मी म्हणाले आणि सगळं सांगितलं. कॉलेज, खडे, फळा, सगळं. आशुतोषही येऊन दाराला टेकून उभा होता. प्रणिताला “केवढी झालीस गं!” म्हणाला. ती माझ्या पाठीमागे सरकली.

विभाताईंनी डोळे मिटून ऐकलं. ऐकताना मान अशी काही समजुतीने हलवत होत्या की मला वाटलं, झालं काम.

“किती भयंकर!” त्या म्हणाल्या. “बघ आशुतोष, समाज अजून कुठे आहे. म्हणूनच ही फिल्म दाखवणं किती गरजेचं आहे!”

“फिल्म दाखवा ना. तेवढा तुकडा नको.”

“वहिनी, तोच तर फिल्मचा आत्मा आहे,” आशुतोष म्हणाला.

“आत्मा तिचा आहे. तुझी फक्त फिल्म आहे.”

“पण तुम्ही तेव्हा हो म्हणाला होतात.”

“माझ्यासाठी म्हणाले होते. मी दळणाचा डबा परत आणताना काढ, कोर्टाच्या पायऱ्या चढताना काढ, गावकीला शिव्या घालताना काढ. खिडकीत लपून पोरीचं काढ, असं मी कधी म्हणाले?”

विभाताईंनी पुन्हा माझा हात धरला. “हे बघा, तुमचं दुःख आता तुमच्यापुरतं नाही राहिलं. ते सगळ्यांचं झालंय. वैश्विक झालंय.”

“मग बाहेर सगळ्यांच्या मुलींचे फोटो लावा की. आळीपाळीने.”

कुणीतरी उपम्याच्या ताटल्या आणून ठेवल्या. “आधी खाऊन घ्या,” विभाताई म्हणाल्या. “या विषयावर आपण पूर्ण संवेदनशीलतेने विचार करू.”

‘संवेदनशीलतेने विचार करू’ म्हणजे ‘नाही’, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आमच्याकडे ‘नाही’ला ‘नाही’च म्हणतात.

समारोपाला सभागृह भरलं होतं. दिवा लावणं मंडळाच्या तत्त्वात बसत नव्हतं, म्हणून एका कुंडीतल्या रोपाला पाणी घालून सुरुवात झाली. प्रत्येक पाहुण्याने भरलेला तांब्या ओतला. पाहुणे भरपूर होते, रोप लहान होतं. शाल आणि नारळ मात्र तत्त्वात बसत होते, ते मला मिळाले. मी स्टेजवर बसले, प्रणिता खाली पहिल्या रांगेत.

मग विभाताईंचं भाषण. विषय, नकाराचा अधिकार. “नाही म्हणता येणं,” त्या म्हणाल्या, “हा माणसाचा पहिला हक्क आहे. ज्या समाजात दुबळ्यातल्या दुबळ्याचा ‘नाही’ ऐकला जातो, तोच समाज सुसंस्कृत.” टाळ्या थांबेनात. प्रणिताने ओढणी नाकावरून खाली केली आणि माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं, आता त्या आमचंच सांगणार.

त्या म्हणाल्या, “आता सुगंधाताई दोन शब्द बोलतील आणि मग आपण त्यांची फिल्म बघू.”

मी माइकसमोर गेले. शालीखाली पदरावर ‘भोजन व्यवस्था’ तसाच होता, काढायचा राहून गेला. मला भाषण करता येत नाही. मी म्हटलं, “तुम्ही सगळे आलात, बरं वाटलं. फिल्म चांगली आहे, बघा. फक्त त्यात माझ्या मुलीचा एक तुकडा आहे, एकटी खेळतानाचा. तो तिला न विचारता काढला. तो दाखवल्यापासून तिला कॉलेजात जगणं मुश्कील झालंय. तेवढा तुकडा आज दाखवू नका. एवढंच मागते.”

मग मागून एक गृहस्थ उठले. झब्बा, चष्मा कपाळावर. “ताईंबद्दल पूर्ण आदर ठेवून बोलतो,” ते म्हणाले. “पण ही सेन्सॉरशिप आहे. आज एक दृश्य कापाल, उद्या अख्खी फिल्म कापाल!”

“बरोबर आहे!” दोन-तीन जण म्हणाले.

एक बाई उभी राहिली. “आम्ही पुण्याहून फक्त त्या दृश्यासाठी आलोय हो. मी त्याच्यावर लेख लिहिलाय.”

आशुतोष पडद्याच्या कडेला उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. म्हटलं, फिल्म याची, शब्द याचा. हा म्हणाला असता ‘असू दे, काढतो’, तर विषय संपला असता. त्याने बुटाच्या टोकाकडे बघितलं.

विभाताईंनी माझ्या हातून माइक घेतला. अगदी हळुवार घेतला. “मित्रहो, आपण लोकशाही मानणारी माणसं आहोत. मंडळाने निर्णय लादायचा नाही, आणि सुगंधाताईंनीही लादायचा नाही. सभागृहच ठरवील. हे दृश्य अखंड दाखवावं असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी हात वर करावेत.”

हात वर जायला लागले.

आमच्या गावात हे देवळाच्या सभामंडपात झालं होतं. तिथले अध्यक्षही असंच उठून म्हणाले होते, गावकी कुणावर काही लादत नाही, सभा ठरवील. मी बायकांच्या बाजूला खांबाआड उभी होते. पहिला हात माझ्या चुलत दिराचा गेला. श्रुतीच्या बापाने वर केला तेव्हा तो फरशीकडे बघत होता. कितीतरी जणांनी हात अर्धाच उचलला, मान खाजवावी तसा, आणि लगेच खाली घेतला. कुणी माझ्याकडे बघेना. ती सगळी मला ओळखत होती, माझ्या हातची खिचडी त्यांच्या पोरांनी खाल्लेली होती. लाज वाटत होती त्यांना.

नाशिकच्या त्या सभागृहात कुणाला लाज वाटत नव्हती. इथले हात सरळ होते, ताठ होते. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांना खांदा दुखत असावा, त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून धरला. सगळे माझ्या डोळ्यांत डोळे घालून बघत होते आणि कितीकांच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढ्या मायेने मला तोवर कुणी वाळीत टाकलं नव्हतं.

“बहुमत स्पष्ट आहे,” विभाताई म्हणाल्या.

“मला नाही विचारलं.”

आवाज खालून आला. प्रणिता उभी राहिली होती.

“कोण बोललं?” कुणीतरी विचारलं.

“मी. बाहेर फोटो लावलाय ना, ती मी.”

सभागृहात ‘अगं बाई!’ अशी एक लाट गेली आणि मग लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. उभे राहून वाजवल्या. मोबाइल वर झाले, फोटो निघाले. पोरगी टाळ्या संपायची वाट बघत तशीच उभी. चेहरा लाल झालेला, पण ओढणीला हात लावला नाही तिने.

“टाळ्या नकोत,” ती म्हणाली. “मी नाही म्हणतेय. तो तुकडा दाखवू नका.”

विभाताई स्टेजच्या कडेला आल्या, खाली वाकल्या. “बाळा, तू अजून लहान आहेस. मोठी झालीस की तुला याचा अभिमान वाटेल बघ. आणि आता ठराव झालाय ना? तो मोडायचा नसतो.” मग मागे वळून म्हणाल्या, “लाइट घ्या.”

अंधार झाला. पडदा उजळला. आमचं खारशेत आलं, खाडी आली, मग दळणाचा डबा कडेवर घेतलेली मी आले. फिल्म खरंच चांगली होती. मी पडद्यावर चालत होते आणि मी स्टेजवरून उतरून मधल्या वाटेने चालत होते. सभागृहाच्या मधोमध टेबलावर लॅपटॉप होता, त्याच्यामागे मंडळाचे एक पोक्त सभासद बसले होते. त्यांना वाटलं मी चहाचं विचारायला आले. “मला बिनसाखरेचा,” ते कुजबुजले.

टेबलाखाली वायरींचा गुंता होता. वायरींमधलं मला काय कळतंय? एक पकडली आणि हिसका दिला. कुणाचा तरी चार्जिंगला लावलेला मोबाइल खाली पडला. दुसरी ओढली, काहीच झालं नाही. पडद्यावर आता आमची पडवी दिसायला लागली होती.

तेवढ्यात माझ्या खांद्यावरून एक हात पुढे आला. प्रणिताने लॅपटॉपच्या कडेला लावलेला बोटाएवढा पेनड्राइव्ह काढून घेतला, शांतपणे, फुलदाणीतली काडी काढावी तसा. पडदा निळा झाला.

लाइट लागले आणि मग जो गलका झाला तो विचारू नका. झब्बेवाले गृहस्थ ओरडले, “ही चोरी आहे!” लेखवाल्या बाई म्हणाल्या, “ही हुकूमशाही आहे!” कोणीतरी म्हणालं, पोलिसांना बोलवा.

“बोलवा,” मी म्हणाले. “मला पोलीस स्टेशनची सवय आहे. फिल्ममध्ये आहे ते, पुढच्या भागात. फक्त लवकर बोलवा, आम्हाला गाडी पकडायचीय.”

मानवी हक्कांच्या महोत्सवात पोलीस, तेही फिल्ममधल्या बाईला पकडायला! ते पेपरात कसं दिसेल, याचा हिशेब प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होता. विभाताईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी माइक घेतला आणि त्याच सायीच्या आवाजात म्हणाल्या, “तांत्रिक अडचणीमुळे आजची फिल्म दाखवता येत नाही. क्षमस्व.”

मी शाल घडी करून खुर्चीवर ठेवली, नारळ तेवढा पिशवीत टाकला. नारळाचा काही दोष नव्हता.

बाहेरच्या दालनात लोक घोळक्याने उभे होते. आम्ही जवळ आलो की घोळका गप्प व्हायचा, बाजूला सरून वाट द्यायचा, आणि आम्ही पुढे गेलो की पुन्हा कुजबूज सुरू. थोड्या वेळापूर्वी उभं राहून टाळ्या वाजवणारी माणसं आता आपापल्या चपला शोधत होती. मघाशी मला बिल्ला लावणारी खादीची साडी समोरून आली. तिने आधी इकडेतिकडे पाहिलं, मग माझ्या पदरावरचा ‘भोजन व्यवस्था’ काढून घेतला. एक शब्द बोलली नाही.

“आई,” प्रणिता म्हणाली, “हे सगळं अगदी आपल्या गावासारखं आहे.”

“फक्त फरशी जास्त गुळगुळीत,” मी म्हणाले. ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

आम्ही स्टँडवर येऊन बाकावर बसलो. शेंगदाणे घेतले. गाडी लागायची होती. आणि बघते तर आशुतोष रिक्षातून उतरून धावत येतोय. धापा टाकत समोर उभा राहिला.

“वहिनी, हे काय केलंत? माझी मान खाली गेली सगळ्यांसमोर. एवढं मी तुमच्यासाठी केलं. तुमची गोष्ट जगभर नेली. गावात कुत्रं विचारत नव्हतं तुम्हाला तेव्हा मी येऊन राहिलो.”

हे खरंच होतं. प्रणिताने शेंगदाण्यांची पुडी माझ्याकडे दिली, मुठीतला पेनड्राइव्ह काढला आणि त्याच्यापुढे धरला.

“घे. तुझ्याकडे याच्या अजून कॉप्या असतील, मला माहितेय.”

त्याने घेतला. ती पुढे म्हणाली, “एक विचारू, आशुदादा? त्या दिवशी तू खिडकीत किती वेळ होतास?”

त्याचा चेहरा जरा सैल झाला. हा प्रश्न त्याला आजवर पुष्कळांनी विचारला असणार. “बराच वेळ,” तो म्हणाला. “तुझा खेळ संपेपर्यंत. श्वास रोखून उभा होतो गं. जरा हललो असतो तरी तू थांबली असतीस. उजेड असा सुंदर पडला होता...”

“मी रडत होते तेव्हाही?”

“हो. तेव्हाही.”

“गावात कुणी माझ्याशी बोलायचं नाही, असं ठरलं होतं,” प्रणिता म्हणाली. “तुला तर कुणी बंदी केली नव्हती. तू घरातच होतास. मला सागरगोटे खेळायला फक्त एक माणूस हवं होतं. तू बाहेर का नाही आलास खेळायला?”

तिने हे रागाने विचारलं नाही. खरंच विचारलं. सहा वर्षांपूर्वीच्या त्या दुपारचं तिला काहीतरी कळत नव्हतं आणि ते तिला कळून घ्यायचं होतं.

आशुतोष तसाच उभा राहिला. मी आयुष्यात वकील पाहिलेत, फौजदार पाहिलेत, गावकीचे पंच पाहिलेत. प्रत्येकाकडे काही ना काही उत्तर असतं. त्याने पेनड्राइव्ह या हातातून त्या हातात घेतला. मग “गाडी लागली वाटतं तुमची,” म्हणाला. गाडी लागलेली नव्हती. तो वळून निघून गेला, रिक्षा न करता, चालत.

त्या आठवड्यात प्रणिता कॉलेजला गेली. मी काही म्हटलं नव्हतं, स्वतःच डबा भरून निघाली. पोरांनी सवयीप्रमाणे मागून आवाज काढला, “बोल ना गं माझ्याशी.” ही मागे वळली आणि म्हणाली, “बोल. काय बोलायचंय?” त्या पोराला एवढं पुढचं माहीतच नव्हतं. असं चार-पाचदा झालं आणि मग तो खेळ बंद पडला. आज ती महाडला नर्स आहे. तिच्या वॉर्डात पेशंटचा मोबाइलवर फोटो काढणाऱ्या नातेवाइकांची ती काय गत करते, ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलंय.

फिल्ममधून तो तुकडा आशुतोषने काढला, पण सगळीकडून नाही. इथल्या कॉपीतून काढला, परदेशातल्या कॉपीत राहिला म्हणे. प्रणिताला सांगितलं तर म्हणाली, “जाऊ दे. जपानात माझ्या ओळखीचं कोणी नाही.”

आणि माझं काय झालं, तर त्या महोत्सवानंतर थोड्याच दिवसांनी आमच्या तालुक्यातले एक कार्यकर्ते भेटले. ते दर आठ मार्चला मला कुठे ना कुठे भाषणाला न्यायचे. या वेळी रस्ता ओलांडून पलीकडे जायला लागले. मीच हाक मारली.

“काय सांगू वहिनी,” ते इकडेतिकडे बघत म्हणाले. “नाशिकच्या मंडळाने बैठक घेतली. ठराव झालाय एकमताने. समविचारी संस्थांनी यापुढे तुम्हाला व्यासपीठावर बोलवू नये. सगळ्यांना मेसेज आलाय. मी बोललो तुमच्याशी, हे कुठे सांगू नका हं.”

तेव्हापासून ती संघटित, सुसंस्कृत माणसं माझ्याशी बोलत नाहीत. सत्कार बंद, शाली बंद, हात हातात धरून ठेवणं बंद. पहिल्या वेळी वाळीत टाकलं तेव्हा मी कोर्टाची पायरी चढले होते. या वेळच्या निकालावर मी अजून कुठेही अपील केलेलं नाही.